फुटाला काय भाव? पत्र्याच्या शेडचं इस्टिमेट शिकताना

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ११ डिसेंबर २०२३ ला झालं. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर धूळ नको, वाकणं नको, वेल्डिंगच्या आसपास तर फिरकायचंच नाही. त्यानंतर उजव्या डोळ्याचा नंबर. म्हणजे ऐन सीझनचे दोन-अडीच महिने आमचं दुकान मालकाविना. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचं छोटं फॅब्रिकेशनचं काम आहे. पत्र्याची शेडं, गेट, लोखंडी जिने. मी बी.कॉम. अंबडच्या एका कंपनीत नऊ वर्षं अकाउंट्स सांभाळले, मुलगी झाल्यावर नोकरी सोडली, आणि तेव्हापासून दुकानाची बिलं, जीएसटी, बँक माझ्याकडे. मिस्त्री काका आणि तीन पोरं काम ओढून नेतील याची खात्री होती. पण गिऱ्हाइकाला आकडा कोण सांगणार? तो आकडा वीस-बावीस वर्षं फक्त अण्णांच्या डोक्यात राहत होता.

त्यांची पद्धत मी लहानपणापासून बघत आले. जागेवर जायचं, हात मागे बांधून एक चक्कर मारायची, वर बघायचं, कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेता घेता बोटांवर काहीतरी मोजायचं आणि म्हणायचं, "दोन पंच्याऐंशी." कागद नाही, पेन नाही. वर्षाअखेर मी हिशेब मांडायचे तेव्हा खर्च त्या आकड्याशी चार-पाच हजारांच्या फरकानं जुळायचा. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं, कसं करता हे? तर म्हणाले, "त्यात काय एवढं? फुटाचा भाव लावायचा."

हे वाक्य मला जवळपास अठरा हजारांना पडलं.

४ जानेवारीला निफाड तालुक्यातून एका शेतकरी दादांचा फोन आला. कांदाचाळ बांधायची होती. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, त्याआधी चाळ उभी हवी, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडे हीच कामं जास्त येतात. खालचा सांगाडा आणि जाळ्या गावातल्या मिस्त्रीनं केल्या होत्या, आम्ही फक्त छप्पर करायचं होतं. "ताई, दुपाखी चाळ आहे, पंधरा बाय चाळीस. सिमेंटचा पत्रा. फुटाला काय भाव?" मी अण्णांचे जुने आकडे चाळले, पर्लिन (पत्र्याखालचा आडवा आधार), पत्रा, हूक, मजुरी धरून नव्वद रुपये फूट सांगितले. पंधरा गुणिले चाळीस सहाशे, गुणिले नव्वद, चोपन्न हजार. फोनवरच ठरलं. दादा म्हणाले, अण्णांच्या शब्दावर आमच्या गावात तीन शेडं उभी आहेत, तुमचाही शब्द चालेल. मला फार बरं वाटलं तेव्हा.

तीन दिवसांनी मिस्त्री काका जागेवर माप घ्यायला गेले. निफाडची थंडी माहीत असलेल्यांना माहीत आहे, काका सकाळी साडेसातला मफलर गुंडाळून गेले आणि दुपारी एका बिडीच्या कागदावर आकडा लिहून घेऊन आले: ५२ नग, पावणेदोन मीटर. माझ्या वहीत ३२ होते, तेही दोन तुटीचे धरून.

मी आधी म्हटलं, काका, काहीतरी चुकलंय. काका म्हणाले, "चला अण्णांकडे." अण्णा काळा चष्मा लावून ओट्यावर बसले होते. त्यांनी नुसतं ऐकलं आणि विचारलं, "फुटाचा भाव लावलास, पण कुठल्या फुटाचा? जमिनीच्या का पत्र्याच्या?"

घोळ असा होता. पंधरा बाय चाळीस ही चाळीची जागा. पण कांद्यावर पावसाची झड आणि दुपारचं ऊन येऊ नये म्हणून चाळीचं पाखं दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट बाहेर काढतात, आणि दोन्ही टोकांना दीड-दीड फूट. म्हणजे झाले एकवीस बाय त्रेचाळीस, ९०३ फूट. त्यात उतार. वीस अंशांच्या उताराला सपाट माप १.०६४ नं गुणावं लागतं, तो झाला साधारण ९६० फूट. त्यावर पत्र्यावर पत्रा चढतो: सिमेंटचा पत्रा १.०५ मीटर रुंद असतो, पण बसतो १.०१ मीटर, आणि उतारावर खालच्या-वरच्या पत्र्यात १५ सेंटीमीटरचा चढाव ठेवावा लागतो. त्रेचाळीस फुटांत १३ पत्रे, एका पाख्यावर दोन ओळी, पाखी दोन. तेरा दुणे सव्वीस, सव्वीस दुणे बावन्न. काकांचा बिडीचा कागद बरोबर होता. मी सहाशे फुटांचे पैसे सांगून हजार फुटांचा पत्रा घालणार होते.

शिवाय पत्र्याच्या आधाराचं अंतर १.४ मीटरच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणून पावणेदोन मीटरच्या पत्र्याला मध्ये आणखी एक पर्लिन. तोही मी धरला नव्हता. रिजचे, म्हणजे दोन पाखी जिथे वर मिळतात तिथले, तुकडे नव्हते धरले. आणि वाहतुकीत फुटणारे पत्रे. सिमेंटचा पत्रा हा टेम्पोतून उतरताना एकदा तरी कुणाच्या तरी हातून निसटतोच.

दादांना फोन करून भाव वाढवावा का, यावर घरात एक संध्याकाळ गेली. अण्णा म्हणाले, शब्द दिलाय, काम करून द्यायचं. काम झालं, २५ जानेवारीला. तोटा १७,८०० रुपये. एप्रिलमध्ये दादांनी अर्धी गोणी कांदे पाठवले, तेवढीच भरपाई.

एक गोष्ट मात्र त्या कामात मला जमली, आणि ती माझ्या बाजूची होती. दादांनी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर चाळीच्या अनुदानासाठी अर्ज केला होता. त्या वेळी टनाला ३,५०० रुपये आणि जास्तीत जास्त २५ टन, म्हणजे ८७,५०० रुपयांपर्यंत अनुदान मिळत होतं. पूर्वसंमती येण्याआधी काम सुरू केलं तर फाईल अडते, आणि आमच्या बिलाची तारीख जर पूर्वसंमतीच्या आधीची पडली तर गिऱ्हाइकाचंच नुकसान. म्हणून मी पूर्वसंमती पत्राचा फोटो मागवून घेतल्याशिवाय कामाची तारीख दिली नाही. बिल पक्कं, जीएसटीचं, मापं मंजूर आराखड्याप्रमाणे. तुम्ही चाळीचं काम घेणार असाल तर हा फोटो आधी मागा.

२६ जानेवारीला झेंडावंदनाहून आले आणि अण्णांसमोर दोनशे पानी वही घेऊन बसले. पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी तासभर. त्यांना सांगता येत नव्हतं, कारण त्यांनी ते कधी शब्दांत मांडलंच नव्हतं. मी विचारायचे, पन्हाळीला किती धरता? ते म्हणायचे, "बघून." मग मी जुनं एखादं काम काढायचे, त्याच्या खरेदीची बिलं ओट्यावर पसरायचे आणि उलटं जायचे: इथे किती फूट होतं, किती किलो पाईप लागला, किती दिवस, किती माणसं. अशी अकरा कामं आम्ही उसवली. त्यातून जे निघालं ते मला कुठल्याही क्लासमध्ये मिळालं नसतं.

पहिली गोष्ट उताराची. दहा अंशांना १.०१५, वीसला १.०६४, तीसला १.१५५, हे आकडे मी वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवलेत. दहा अंशांचा फरक किरकोळ, पण तीस अंशांच्या कौलारू उताराला सपाट मापावर पंधरा टक्क्यांहून जास्त चढतात. अंश मोजायला महागडं काही लागत नाही. पाण्याची लेव्हलची नळी आणि टेप, उंची किती आणि आडवं अंतर किती, बस.

दुसरी गोष्ट वजनाची. शेडमध्ये सगळ्यात जास्त पैसा पत्र्यात नसतो, पाईपमध्ये असतो, आणि पाईप किलोवर मिळतो. ८० बाय ४० चा ३ मिलीमीटर जाडीचा पाईप मीटरला साधारण ५.३ किलो भरतो, म्हणजे सहा मीटरची एक लांबी बत्तीस किलोच्या आसपास. हिशेब सोपा आहे: लांबी, रुंदी आणि जाडी यांतून पोलादाचं आकारमान काढायचं, एक मिलीमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलोचा. हे एकदा हातात बसलं की डिलरकडे गेल्यावर तुम्ही भाव विचारता आणि वजनही विचारता, आणि समोरचा जरा सावरून बसतो. कारण "तीन एमएम" म्हणून दिलेला पाईप काट्यावर कधी कधी पावणेतीनचाच निघतो. आम्ही नगावर पाईप घेणं बंद केलं. काटा पावतीशिवाय माल उतरवत नाही.

तिसरी, जाडी. रंगीत पत्र्याची ०.५० मिलीमीटर जाडी म्हणजे रंग आणि मुलाम्यासकट का फक्त आतलं पोलाद, हे विचारायचं. मुलामा कोणता, तेही. एझेड १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम ॲल्युमिनियम-जस्ताचा थर. मी एक मायक्रोमीटर घेतला, नऊशे रुपयांना. पर्समध्ये लिपस्टिकच्या शेजारी असतो, माझी बहीण हसते.

१५ फेब्रुवारीला इंदिरानगरमधल्या एका सोसायटीच्या खजिनदार काकांचा फोन आला. चार मजली इमारत, गच्ची दर पावसाळ्यात गळते, दोनदा वॉटरप्रूफिंग करून झालं, आता वर शेडच टाकायचं. "ताई, फुटाला काय भाव?"

या वेळी मी म्हटलं, "आधी गच्ची दाखवा."

रविवार, १८ फेब्रुवारी. मिस्त्री काका आणि मी सकाळी नऊला पोचलो. लेझर मीटर नवा घेतला होता, बावीसशे रुपयांचा, पण उन्हात त्याचा लाल ठिपका दिसेना, तेव्हा शेवटी टेपच. पन्नास बाय बत्तीस, असं खजिनदारांनी सांगितलं होतं. मी चारही बाजू मोजल्या: ५० फूट, ५० फूट २ इंच, ३२ फूट १ इंच, ३२ फूट. ठीक वाटलं. मग काका म्हणाले, कर्ण घ्या. दोन्ही कर्णांत साडेसात इंचांचा फरक! गच्ची गुण्यात नव्हतीच. पत्रा काटकोनात येतो, गच्ची तिरकी. एका बाजूला पत्रा पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) बाहेर झुकणार आणि दुसऱ्या बाजूला कमी पडणार. याच्यासाठी दोन्ही बाजूंना थोडं जास्त बाहेर काढून ५४ बाय ३६ धरलं. कर्ण घेतला नसता तर हे पत्रे आल्यावर कळलं असतं.

त्या गच्चीवर जे जे होतं ते मी वहीत काढलं. दोन पाण्याच्या टाक्या, नऊ सोलर हीटर, लिफ्टची खोली, जिन्याची टोपी, डिश अँटेना सतरा, वाळत घातलेले पापड. सोलरला ऊन हवं, म्हणजे ते शेडच्या वर चढवायचे किंवा तेवढी जागा उघडी ठेवायची. यावर सोसायटीत आधीच दोन तट होते. ते माझं काम नाही, पण इस्टिमेटमध्ये "सोलर हलवण्याचं काम धरलेलं नाही" असं लिहिणं माझं काम होतं. "यात काय धरलेलं नाही" ही यादी माझ्या कोटेशनात आता "काय धरलंय" या यादीएवढीच लांब असते.

मग प्रश्न आला, खांब कशावर उभे करायचे? गळती थांबवायला शेड टाकायचं आणि त्याच्यासाठी स्लॅबला छप्पन्न भोकं पाडायची, हा विनोदच झाला असता. खांब बीमच्या रेषेत, छोट्या काँक्रीटच्या ओट्यांवर घ्यायचे ठरलं. इथे मी माझ्या मर्यादा ओळखून एका परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरांना बोलावलं. त्यांची फी ६,००० रुपये सोसायटीनं थेट दिली. मला वाटत होतं ते विचारतील, इमारतीला शेडचं वजन झेपेल का. त्यांनी हिशेब केला: पाईप आणि पत्रा मिळून सव्वातीन टन, चौरस मीटरला अठरा किलो. "हे काहीच नाही," ते म्हणाले, "हे शेड खाली नाही पडणार, वर उडेल." वाऱ्याच्या आयएस ८७५ या मानकात नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. उघड्या गच्चीवरच्या शेडला असा वारा खालून उचलतो, आणि कडा आणि कोपरे सगळ्यात आधी. म्हणून त्यांनी खांबांची पकड वाढवली आणि कडेच्या दोन ओळींत स्क्रू जवळ जवळ घ्यायला लावले. पैशांत फरक थोडा पडला, पण तेव्हापासून मी वादळाच्या रात्री नीट झोपते.

आकडेमोड करायला मला दोन आठवडे लागले. तीन डिलरांना फोन, अंबड आणि सातपूरचे. तिघांनीही भाव सांगताना एकच वाक्य जोडलं, "आजचा आहे." पत्र्याची लांबी १८.५ फुटांची ठेवली, दोन पाखी आणि मध्ये रिज, कारण छत्तीस फुटांचा अखंड पत्रा चौथ्या मजल्यावर चढवणं शक्य नव्हतं. एका पाख्याला १७ पत्रे, एकूण ३४, म्हणजे लांबीचे ६२९ फूट, १४५ रुपये फुटानं ९१,२०५. पाईप आणि प्लेट तूट धरून २,४२० किलो, ६८ रुपयांनी १,६४,५६०. मग फॅब्रिकेशनची मजुरी, पत्रा चढवण्याची मजुरी, रिज, दोन्ही बाजूंच्या पन्हाळी, खाली उतरणारे पाईप, रबरी वॉशरचे साधारण अकराशे स्क्रू, अँकर, रेड ऑक्साईड, रंग, टेम्पो, हायड्रा (क्रेन). खर्च ४,१५,६६५. त्यावर आमचे ४६,३३५ धरून ४,६२,०००. अठरा टक्के जीएसटी ८३,१६०. एकूण ५,४५,१६०.

हा आकडा टाईप करताना माझे हात थरथरत होते. अण्णांनी भिंग लावून वाचलं. म्हणाले, "बरोबर आहे. पण पहिल्या पानावर हा आकडा बघून ते दुसरं पान उलटणार नाहीत." ३ मार्चला कोटेशन दिलं. पंधरा दिवसांची मुदत शेवटच्या ओळीत लिहिली, बारीक अक्षरात. ती बारीक अक्षरं पुढे महागात पडली.

ठरावीक रकमेवरचा दुरुस्ती खर्च सोसायटीला सर्वसाधारण सभेपुढे न्यावा लागतो. सभा १७ मार्चला होती, गणपूर्ती झाली नाही, मग परीक्षा, मग होळी, आणि शेवटी ३१ मार्चला भरली. मला बोलावलं होतं. सत्तावीस सभासद, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पार्किंगमध्ये. समोर दुसरं कोटेशन होतं: १६५ रुपये फूट. माझं जीएसटी सोडून २३८ च्या घरात जात होतं. पहिला प्रश्न एका काकूंनी विचारला, "तुमचा पत्रा सोन्याचा आहे का?" सगळे हसले. मीही हसले, कारण दुसरं काही सुचेना.

मग मी ते दुसरं कोटेशन मागितलं. एकच पान होतं. पत्र्याची जाडी लिहिलेली नव्हती, पन्हाळ नव्हती, हायड्रा नव्हता, अँकरचा उल्लेख नव्हता, आणि फूट कुठला ते नव्हतं. मी त्या माणसाबद्दल एक शब्द बोलले नाही. फक्त विचारलं, यात पन्हाळ धरली आहे का, ते विचारून घ्या. पाखं बाहेर किती आहे, तेही. पक्कं बिल मिळणार का, विचारा. खजिनदार काका निवृत्त बँकवाले, त्यांनी तिथेच स्पीकरवर फोन लावला. पन्हाळ वेगळी. चढवण्याचा खर्च सोसायटीचा. बिल "बघू". दहा मिनिटांत १६५ चे २१० झाले, विनाबिल. ठराव माझ्या बाजूनं झाला, सत्तावीसपैकी अठरा हातांनी. त्या काकूंचा हात शेवटपर्यंत खालीच होता.

पुढे परवानगी. गच्चीवर कायमचं शेड घालायचं तर महापालिकेच्या नगररचना विभागाकडे वास्तुविशारदामार्फत अर्ज करावा लागतो. "परवानगी ही सोसायटीची जबाबदारी, तिच्याशिवाय काम सुरू होणार नाही" हे मी कोटेशनात ठळक लिहिलं होतं, म्हणून त्या तीन आठवड्यांत मला फक्त वाट बघायची होती. वर्क ऑर्डर २२ एप्रिलला हातात आली. तोवर पाईप ६८ वरून ७१ वर गेला होता. तीन रुपये गुणिले २,४२० किलो, ७,२६० रुपये. मी मुदतीची ओळ दाखवली. खजिनदार काकांनी चष्मा वर करून ती वाचली आणि शांतपणे म्हणाले, "अहो ताई, ही ओळ तुम्हालाच वाचता येत नसेल." सोडून दिले. आता मुदत पहिल्या पानावर, एकूण रकमेच्या खाली, तितक्याच मोठ्या अक्षरात असते, आणि तिच्यापुढे सही घेते.

हिशेबाचं एक सांगते, कारण इथे बरेच फॅब्रिकेटर गोंधळतात. असं काम म्हणजे वर्क्स काँट्रॅक्ट, सेवा समजली जाते. म्हणून ॲडव्हान्स घेतानाच त्यावर जीएसटी लागू होतो, बिल करेपर्यंत थांबता येत नाही. सोसायटी टीडीएस कापते, मालकी व्यवसायाला एक टक्का, आणि जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर तो वगळून उरलेल्या रकमेवर. उद्यम नोंदणी नसेल तर करून घ्या, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

२९ एप्रिलला काम सुरू झालं. पहिल्याच दिवशी हायड्रा आला आणि परत गेला, कारण इमारतीच्या ज्या बाजूनं माल चढवायचा होता तिथून विजेची तार गेली होती, आणि ती मी १८ फेब्रुवारीला पाहिलीच नव्हती. वर बघत होते ना, गच्चीकडे. तार मध्येच होती. दुसऱ्या बाजूनं, सहा गाड्या हलवून, दुसऱ्या दिवशी माल चढवला; ४,५०० रुपये जास्तीचे. पुढे जिन्याच्या टोपीला शेड जिथे टेकतं तिथलं फ्लॅशिंग (सांधा झाकणारी पट्टी) धरायचं राहिलं होतं, ३,२०० गेले. २० मे ला मतदान, पोरं गावी गेली. २४ मे ला शेवटचा स्क्रू बसला. खिशात राहिले ३१,३७५.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला त्या रात्री साडेअकराला खजिनदार काकांचा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला: कोरडी गच्ची, पत्र्यावर ताशा वाजतोय, आणि मागे कुणीतरी "भजी आण" म्हणतंय.

पण २७ जुलैला फोन. टाकीजवळ थेंब पडतोय. बिलाचे पाच टक्के, २७,२५८ रुपये, पावसाळा संपेपर्यंत त्यांच्याकडे अडकलेले, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी, रविवार असूनही, गेले. टाकीवर चढून पत्र्याला डोकं लावलं तर एक स्क्रू पोरांनी गरजेपेक्षा जास्त आवळलेला. त्याचा काळा रबरी वॉशर एका बाजूनं जीभ बाहेर काढल्यासारखा निसटला होता आणि त्या फटीतून पाणी पाझरत होतं. चार रुपयांचा स्क्रू. काढला, भोकात सीलंट भरलं, जाड वॉशरचा दुसरा लावला, हातानं, मशीननं नाही. मग त्या ओळीतले सगळे तपासले, आणखी दोन तसेच निघाले.

दसऱ्याच्या तीन दिवस आधी उरलेला चेक मिळाला. टीडीएस त्यांनी जीएसटीवरही कापला होता, ८३२ रुपयांचा फरक. तो वर्षाअखेर आयकर खात्याच्या नोंदीत (तेव्हाचा फॉर्म २६ एएस) दिसतो आणि परत मिळतो, म्हणून भांडले नाही.

अण्णा आता बरे आहेत, दोन्ही डोळ्यांनी. गेल्या आठवड्यात दिंडोरी रस्त्याला एका गोडाऊनची जागा बघायला आम्ही दोघं गेलो. मी टेप लावला, कर्ण घेतले, तारा पाहिल्या, वर-खाली फोटो काढले. ते हात मागे बांधून एक चक्कर मारून आले. टपरीवर चहा घेताना मी मोबाईलवर आकडे टाकले: तीन लाख चौदा हजार. ते बोटं मोजत म्हणाले, "तीन बावीस."

मी वही पुन्हा वरून खाली पाहिली. काहीच सुटलेलं नव्हतं. विचारलं, आठ हजार कशाचे?

"येताना मोरीवरून आलो ना," ते म्हणाले, "तिथं ट्रक वळत नाही."